न्यूट्रॉन गिळणारे अणू : टाकणखारापासून तारापूरपर्यंत

(बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार, कॅरमच्या पटावर भुरभुरावयाची बोरिक पावडर आणि पाते-बोंडांची गळ थांबावी म्हणून कपाशीवर फवारले जाणारे बोरॉन, या तिन्ही वस्तू वऱ्हाडातील कोणत्याही बाजारगावाच्या ओळखीच्या आहेत. तिन्हींतील मूलद्रव्य एकच. याच बोरॉनाचे कार्बाइड पोलादी नळ्यांत भरून तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे नियंत्रक दांडे तयार होतात. हे दांडे खालून वर सरकत भट्टीच्या गाभ्यात शिरले की अणुविखंडनाची साखळी मंदावते, आणि पूर्ण आत गेले की ती थांबते. ज्या द्रव्याने मुले सुटीच्या दिवशी सोंगट्या घसरवितात, तेच द्रव्य लक्षावधी घरांना वीज पुरविणाऱ्या भट्टीचा लगाम व्हावे, यामागे काय कारण असेल?

या प्रश्नाचे पहिले उत्तरच चकित करणारे आहे. निसर्गातील बोरॉनाच्या दर पाच अणूंपैकी जवळजवळ चार अणू या कामी निरुपयोगी असतात. सारे काम उरलेला एक करतो. शालेय पुस्तकांत समस्थानिकांची व्याख्या दिलेली असते : एकाच मूलद्रव्याचे, रासायनिक गुणधर्म सारखे असलेले, परंतु वस्तुमानात वेगळे असे अणू. व्याख्या बरोबर आहे. पण ती वाचून विद्यार्थ्याचा असा समज होतो की समस्थानिकांत वजनाच्या किरकोळ फरकापलीकडे काही नाही. बोरॉन-१० आणि बोरॉन-११ यांत कपाशीच्या झाडाला कोणताही भेद जाणवत नाही, सोनारालाही नाही. न्यूट्रॉनाला मात्र तो जाणवतो. मंद न्यूट्रॉन पकडण्याची बोरॉन-१० ची शक्ती बोरॉन-११ च्या सुमारे सात लाख पट आहे.

या शक्तीचे माप कसे करतात ते आधी पाहिले पाहिजे. न्यूट्रॉनांच्या माऱ्यापुढे अणुगर्भ हे जणू एक लक्ष्य आहे, असे समजून त्या लक्ष्याचे क्षेत्रफळ सांगण्याची पद्धत आहे. त्याचे एकक 'बार्न'. हा शब्द मूळचा इंग्रजी, अर्थ शेतावरील धान्य-चाऱ्याचे कोठार. १९४२ मध्ये अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी हे नाव विनोदाने सुचविले, कारण अणुगर्भाच्या मानाने एवढे क्षेत्र म्हणजे कोठाराच्या भिंतीएवढे मोठे लक्ष्य. एक चौरस सेंटिमीटराचे, एकावर चोवीस शून्ये मांडून होईल इतके भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक बार्न. मोठ्या अणुगर्भाचे प्रत्यक्ष आकारमान एक-दोन बार्नच भरते.

आता काही आकडे पाहावेत. बोरॉन-११ चे माप एका बार्नाच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे, तर बोरॉन-१० चे ३,८४०. कॅडमियम-११३ चे सुमारे २०,०००. गॅडोलिनियम-१५७ चे अडीच लाखांहून अधिक, आणि त्याचाच सख्खा शेजारी गॅडोलिनियम-१५८ मात्र दोन-अडीच बार्नांवर थांबतो. झेनॉन-१३५ चे माप सव्वीस लाखांच्या घरात जाते. त्यात एका न्यूट्रॉनाची भर पडून झालेल्या झेनॉन-१३६ चे एक बार्नही नाही. या अणुगर्भांचा आकार एकमेकांहून फारसा वेगळा नसतो. ज्याचे अंग सव्वा बार्नाचे, तो अडीच लाख बार्नांचा असल्याप्रमाणे न्यूट्रॉन ओढून घेतो. म्हणजे ही गोष्ट आकाराची नाही आणि वजनाचीही नाही.

अर्धे कोडे न्यूट्रॉनाच्या स्वभावात आहे. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी शोधून काढलेल्या या कणावर विद्युत्भार नसतो. त्यामुळे धनभारित अणुगर्भ प्रोटॉनाला दूर लोटतो तसा न्यूट्रॉनाला लोटू शकत नाही. १९३४ मध्ये रोम येथे एन्रिको फेर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की न्यूट्रॉन मेणातून वा पाण्यातून जाऊन मंद झाले की ते अधिक सहज पकडले जातात. कॅरम खेळणाऱ्याला यात नवल वाटू नये. जोरात मारलेली सोंगटी भोकाच्या कडेवर आपटून परत येते. हळू आलेली अलगद आत पडते.

पण हा दाखला येथेच सोडून द्यावा लागतो, कारण न्यूट्रॉन ही सोंगटी नव्हे. सूक्ष्म कणांना तरंगाचेही रूप असते, आणि कण जितका मंद तितका तरंग लांब. साधारण तपमानाला न्यूट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे २,२०० मीटर असतो. या वेगाला त्याची तरंगलांबी जवळजवळ एका संपूर्ण अणूएवढी होते, आणि अणूच्या मानाने अणुगर्भ म्हणजे गावच्या शिवारात ठेवलेली एक सुपारी. आलेला न्यूट्रॉन एका बिंदूवर नसतो, तो साऱ्या शिवारभर पसरलेला असतो. म्हणून अणुगर्भाला तो आपल्या अंगाच्या कितीतरी पट क्षेत्रातून ओढून घेता येतो. या वेगाला पकडीची सैद्धांतिक कमाल मर्यादाही काढता येते. ती सुमारे अडीच कोटी बार्न आहे. झेनॉन-१३५ त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शापर्यंत पोहोचतो.

मग सगळेच अणुगर्भ तसे का करीत नाहीत? येथे १९३६ साली नील्स बोर यांनी मांडलेली कल्पना आणि त्याच वर्षी ब्राइट व विग्नर यांनी दिलेले सूत्र उपयोगी पडते. न्यूट्रॉन आत शिरला की क्षणभर एक नवा, संयुक्त अणुगर्भ तयार होतो. न्यूट्रॉन बांधला गेल्यामुळे त्याच्या अंगी मोठी ऊर्जा येते. कॅडमियम-११३ च्या बाबतीत ती सुमारे ९० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. परंतु अणुगर्भाला वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे त्याच्या ठरावीक पातळ्या असतात. न्यूट्रॉनासह आलेली एकूण ऊर्जा नेमकी एखाद्या पातळीवर पडली, तर अणुगर्भ त्याला पटकन सामावून घेतो. दोन पातळ्यांच्या मध्ये पडली, तर बहुधा स्वीकारीत नाही. यालाच अनुस्पंदन म्हणतात. नागपंचमीच्या झोक्याला रेटा देणारी प्रत्येक मुलगी हे तत्त्व जाणते : झोका आपल्या तालाने मागे येतो त्या क्षणी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो; भलत्या क्षणी दिलेला जोराचा धक्का वाया जातो.

मंद न्यूट्रॉन आपल्याबरोबर गतीची जी ऊर्जा आणतो ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या चाळिसाव्या भागाएवढी, म्हणजे नगण्य. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो : बांधणीची ऊर्जा जेथे संपते त्या उंचीच्या अगदी लगत शिडीची पायरी आहे की नाही? कॅडमियम-११३ साठी ती ०.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे. गॅडोलिनियम-१५७ साठी ०.०३ वर. नव्वद लाखांची चढण, आणि पायरी नेमकी पावलाखाली येते ती एका एककाच्या अल्पशा अंशात. त्या उंचीवर पायऱ्यांमधील अंतर सामान्यतः काही एककांचे, काही अणुगर्भांत त्याहून कितीतरी अधिक असते. गॅडोलिनियम-१५७ ची ती पायरी केवळ चार-पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी सरकली असती, तर हे मूलद्रव्य अणुतंत्रज्ञानात इतके मोलाचे ठरले नसते.

याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. योगायोग कोणाच्या वाट्याला अधिक येतो यालाही नियम आहे. कॅडमियम-११३, गॅडोलिनियम-१५५ व १५७, समॅरियम-१४९, झेनॉन-१३५ या सर्वांत न्यूट्रॉनांची संख्या विषम आहे. एकट्या न्यूट्रॉनाला जोडीदार मिळाला की बांधणी घट्ट होते आणि अधिक ऊर्जा बाहेर पडते. कॅडमियम-११२ मध्ये न्यूट्रॉन शिरला तर ६५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, ११३ मध्ये शिरला तर ९० लाख. शिडी जसजशी वर जाते तसतशा तिच्या पायऱ्या दाट होत जातात. उंच चढणाऱ्याला पावलाखाली पायरी सापडण्याचा संभव म्हणूनच अधिक.

झेनॉन-१३५ विषयी एक सोपे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते, ते तपासून घेतलेले बरे. ८२ न्यूट्रॉन असलेले अणुगर्भ विशेष स्थिर असतात. झेनॉन-१३५ मध्ये ८१ असतात, म्हणून एकाची भूक भागविण्यासाठी तो हपापलेला असतो, असे सांगितले जाते. ऐकायला हे गोड आहे, परंतु अर्धेच खरे आहे. ८१ न्यूट्रॉनांचे इतरही अणुगर्भ आहेत आणि ते असे वागत नाहीत. उलट ८२ च्या आसपास पायऱ्या विरळ असतात, त्यामुळे योग्य जागी पायरी सापडणे अधिकच दुर्मिळ. ती ०.०८ इलेक्ट्रॉन-व्होल्टावर सापडली, हीच झेनॉनची खरी गोष्ट. जड अणुगर्भांत अशी पायरी नेमकी कोठे आहे हे आजही कागदावरच्या गणिताने सांगता येत नाही. ते मोजावेच लागते. २०१९ मध्ये झिर्कोनियम-८८ या कृत्रिम समस्थानिकाचे मापन प्रसिद्ध झाले. सिद्धांताचा अंदाज दहा बार्नांचा होता. प्रत्यक्षात आठ लाखांहून अधिक निघाले.

बोरॉन-१० चा मार्ग मात्र वेगळा आहे. त्याच्या तळाशी अशी एखादी पायरी नसते. न्यूट्रॉन आत येताच त्याचे दोन तुकडे होतात, एक हीलियमचा व एक लिथियमचा, आणि या फुटण्याने सुमारे २८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. बाहेर पडण्याचे दार असे सताड उघडे असल्यामुळे आत आलेला न्यूट्रॉन परत जाण्याची शक्यता फार कमी. न्यूट्रॉन जितका मंद, तितका त्याला अणुगर्भापाशी अधिक वेळ मिळतो आणि तितकी पकड वाढते. हीलियम-३ व लिथियम-६ हे याच कुळातले. झेनॉन ठरावीक ऊर्जेच्या न्यूट्रॉनांना विशेष धरतो. बोरॉन मंदगतीच्या सर्वांना धरतो. म्हणून लगामाच्या कामी बोरॉनाइतके भरवशाचे द्रव्य दुसरे क्वचितच असेल. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा येथील भट्ट्यांत समुद्राचे पाणी सोडण्यात आले, तेव्हाही त्यात बोरिक ॲसिड मिसळले होते.

भारताच्या अणुकार्यक्रमाची दिशा याच आकड्यांनी ठरविली आहे. आपल्याकडे युरेनियम मर्यादित, आणि त्यातील विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण हजारात अवघे सात. न्यूट्रॉनांची उधळपट्टी परवडणारी नाही. साध्या पाण्यातील हायड्रोजन न्यूट्रॉनांना मंद करतो खरा, पण काहींना गिळतोही, ०.३३ बार्न हे माप लहान दिसले तरी नैसर्गिक युरेनियमाची साखळी तोडण्यास ते पुरेसे आहे. जड पाण्यातील ड्यूटेरियम त्याच्या सहाशेव्या हिश्शाएवढेच घेतो. ट्रॉम्बेच्या १९६० च्या सायरस आणि १९८५ च्या ध्रुव या भट्ट्या नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर उभ्या राहिल्या त्या यामुळे. तारापूरला २००५ व २००६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्याही त्याच जातीच्या.

येथे रसायनज्ञांच्या एका कामाची नोंद घेतली पाहिजे, कारण भट्टीच्या उद्घाटनाच्या बातम्यांत ते कधी येत नाही. १९५९ च्या प्रारंभी ट्रॉम्बे येथे अणुभट्टीच्या दर्जाचे शुद्ध युरेनियम धातुरूपात तयार झाले. सोन्याच्या शुद्धतेचे माप येथे अपुरे पडते. बोरॉन, कॅडमियम, गॅडोलिनियम यांची अशुद्धी दहा लाखांत एका भागाहूनही कमी राखावी लागते. ही काटेकोर वृत्ती अनाठायी नाही. ग्रॅफाइटमध्ये वजनाने दहा लाखांत एक भाग बोरॉन राहिले तरी त्या ग्रॅफाइटची न्यूट्रॉन खाण्याची प्रवृत्ती सुमारे चतुर्थांशाने वाढते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, जर्मनीत ग्रॅफाइटची मोजणी झाली ती अशुद्ध नमुन्यावर. ग्रॅफाइट निरुपयोगी असा निष्कर्ष निघाला आणि तेथील शास्त्रज्ञ जड पाण्याच्या मागे लागले. अमेरिकेत लिओ झिलार्ड यांनी बोरॉनमुक्त ग्रॅफाइटचा आग्रह धरला, आणि २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे जगातील पहिली अणुभट्टी ग्रॅफाइटवरच चालली.

झिर्कोनियमचीही अशीच कथा आहे. इंधनाच्या नळ्या या धातूच्या करतात, कारण तो न्यूट्रॉन जवळजवळ घेत नाही. पण त्याच्या खनिजात हाफ्नियम हा त्याचा जुळा भाऊ हटकून असतो, आणि तो पाचशे पटींहून अधिक न्यूट्रॉन खातो. रासायनिकदृष्ट्या दोघांना वेगळे करणे अत्यंत कष्टाचे. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे काम चालते.

अणुभट्टी सुरू झाली की पुढची अडचण बाहेरून येत नाही, भट्टीच स्वतः ती तयार करते. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील हॅनफर्ड येथील मोठी भट्टी सुरू झाली, काही तास चालली आणि कोणी हात न लावता मंद होत बंद पडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपोआप चालू लागली. जॉन व्हीलर यांनी कारण ओळखले. विखंडनातून आयोडीन-१३५ निर्माण होते, साडेसहा तासांत त्यातील निम्म्याचे झेनॉन-१३५ होते, आणि झेनॉन न्यूट्रॉन गिळून साखळी तोडतो. झेनॉनचा स्वतःचा अर्धायुःकाल नऊ तासांचा. तो विझत गेला की भट्टी पुन्हा सजीव होते. अभियंत्यांनी सावधगिरी म्हणून १,५०० ऐवजी २,००४ नळ्यांची सोय ठेवली होती, ती कामी आली. अधिक इंधन घालून झेनॉनवर मात करण्यात आली. हिशेबात नसलेल्या गोष्टीसाठी ठेवलेली ही जादा जागा त्या वेळी अनेकांना खर्चिक वाटली असेल.

आज तारापूरसारख्या केंद्रातील प्रत्येक चालक हे गणित शिकूनच कामावर बसतो. भट्टी बंद केल्यावर झेनॉन ताबडतोब कमी होत नाही. आयोडीनचा साठा शिल्लक असल्याने तो आणखी काही तास वाढतच राहतो. नैसर्गिक युरेनियमची भट्टी अकस्मात बंद पडली आणि थोड्या अवधीत पुन्हा सुरू करता आली नाही, तर दीड दिवसाच्या आसपास वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. विजेची मागणी कितीही निकडीची असली तरी हे वेळापत्रक निसर्गाचे आहे. कोणत्याही आदेशाने ते बदलत नाही. २५ व २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिल येथे नेमके हे मान्य करण्यात आले नाही. शक्ती एकदम खाली गेली, झेनॉन साठला, आणि तो असतानाही चाचणी पार पाडण्यासाठी जवळजवळ सर्व नियंत्रक दांडे वर ओढून घेण्यात आले. शक्ती वाढू लागली तेव्हा झेनॉन भराभर जळून गेला आणि रोखणारे काही उरले नाही. त्या भट्टीच्या रचनेत दोषही होते आणि ते मोठे होते. परंतु अपघाताची वाट झेनॉनने आखली.

न्यूट्रॉनाची पकड नेहमी अडथळाच असते असे नाही. कोबाल्ट-५९ ने न्यूट्रॉन घेतला की त्याचे कोबाल्ट-६० होते. कर्करोगावरील उपचारयंत्रांत आणि नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा-विकिरण केंद्रात त्याचेच किरण वापरले गेले आहेत. ट्रॉम्बे आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांचे नाते तर येथील शेतकऱ्याच्या जिभेवर आहे. 'टीएयू-१' म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-उडीद आणि 'टीएजी-२४' म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-भुईमूग, एवढी फोड वर्गात करून सांगितली तरी विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे होईल. ते वाण किरणांच्या साहाय्याने घडविलेल्या उत्परिवर्तनांतून आले. न्यूट्रॉनांशी त्यांचा थेट संबंध नाही.

न्यूट्रॉनांचा शेतीशी थेट संबंध येतो तो जमिनीतील ओल मोजताना. एका नळीतून वेगवान न्यूट्रॉनांचा लहानसा स्रोत जमिनीत सोडतात. पाण्यातील हायड्रोजन त्यांना मंद करतो, आणि मंद झालेले न्यूट्रॉन बोरॉन-१० किंवा हीलियम-३ भरलेली गणकनळी मोजते. गणती जास्त, तर ओल जास्त. पद्धत सुटसुटीत आहे. परंतु अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे, आणि मिठातील क्लोरीन-३५ चे माप ४४ बार्न आहे. खारट जमिनीत काही मंद न्यूट्रॉन गणकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच क्लोरीन गिळतो. गणती घटते आणि जमीन आहे त्यापेक्षा कोरडी भासते. काळ्या कपाशीच्या मातीत उलट प्रकार होतो. चिकणमातीच्या कणांत घट्ट अडकलेला हायड्रोजन पिकाला मिळत नसतानाही ओल म्हणून मोजला जातो. म्हणून अशा यंत्राचा आकडा पुढे आला की ते कोणत्या मातीवर जुळवून घेतले होते, हे सल्ला घेणाऱ्याने आधी विचारावे. त्याच शेतातील माती काढून, भट्टीत वाळवून, वजन करून यंत्राची जुळणी झाली असेल, तरच त्या आकड्यावर पाण्याची पाळी ठरविता येते.